दुबलगुंडीच्या सभेतलं एक वाक्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय गुंडेरावजी, प्रजा पक्षाचे नवे राज्याध्यक्ष आणि आपले सत्कारमूर्ती मुकुंदराव, त्यांच्या पत्नी सौ. सुशीलाबाई, तालुका समितीचे चिटणीस चनमल्लप्पा, हैदराबादहून एवढ्या लांब आलेले पाहुणे, आणि हुमनाबादच्या या कापसाच्या गुदामात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो,

पाहुण्यांना माझी ओळख नसेल. मी सरस्वतीबाई, इथल्या मुलींच्या शाळेची मुख्य शिक्षिका. माझं माहेर इथून जवळच, दुबलगुंडीला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचं काम पडणार आहे.

चनमल्लप्पांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. देताना ते म्हणाले, "अक्का, तुम्ही घरगुती आठवणी सांगा. राजकारणाचं आम्ही बघतो." त्यांनी बघितलंही. माझ्याआधी पाच वक्ते बोलले आणि मुकुंदरावांची सारी वाटचाल आपल्यापुढं आली. सव्वीस साली राजेश्वरला त्यांनी काढलेलं वाचनालय, तिथं पारावर मोठ्यानं वाचली जाणारी आठवड्यापूर्वीची वर्तमानपत्रं, मग तालुका समिती, एकोणचाळीस सालची सभा, गुलबर्ग्याच्या तुरुंगातले अठरा महिने, राज्याची कार्यकारिणी, आणि आता अध्यक्षपद. उद्या सकाळच्या मोटारीनं ते हैदराबादला जातील. या यादीत चूक काहीच नाही. फक्त एक गोष्ट राहून गेली आहे, आणि माझ्या मते ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी आहे. घरगुतीही आहे म्हणा, कारण ती एका घराची गोष्ट आहे.

व्यासपीठामागच्या पडद्यावर आपण एक वाक्य लिहिलं आहे. 'वाकून अर्ज लई दिले, आता उभं राहणं हाच आमचा अर्ज.' त्याखाली मुकुंदरावांचं नाव आहे. माझ्या शाळेतल्या मुलींनाही हे वाक्य पाठ आहे. ते जिथं पहिल्यांदा बोललं गेलं, त्या दुबलगुंडीच्या एकोणचाळीस सालच्या सभेला मी होते.

आपल्याकडच्या सभा कशा होतात हे तुम्हाला माहीत आहे, पण पाहुण्यांसाठी सांगते. इथं एका भाषेत सभा होत नाही. मराठीत चार वाक्यं झाली की वक्ता थांबतो, शेजारी उभा असलेला दुभाषी तीच कन्नडात सांगतो, आणि तोवर वक्ता पाणी पितो. मुकुंदरावांचे दुभाषी होते दुबलगुंडीचे हावगेप्पा. शेतकरी माणूस, शिक्षण चौथीपर्यंत, पण आवाज असा की आमच्या गावात पाटलाच्या विहिरीवरून हाक दिली तर वेशीतली जनावरं मान वर करत. दोघं तेरा वर्षं गावोगाव बरोबर हिंडले.

हावगेप्पांची एक खोड होती. मुकुंदराव मोजकं बोलत आणि हावगेप्पांना मोजकं जमत नसे. मुकुंदरावांच्या दोन वाक्यांची त्यांच्याकडं सहा होत. एकदा मुकुंदरावांनी भर सभेत विचारलं, "हावग्या, मी एवढं कधी बोललो?" हावगेप्पा म्हणाले, "तुम्ही बोललाव न्हाई अण्णा, पण तुमच्या पोटात होतं." लोक पुष्कळ हसले. हसले नाहीत ते फक्त पोलिसांचे कारकून.

त्या कारकुनांविषयीही सांगायला हवं. सभेला परवानगी लागे, आणि परवानगीबरोबर पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांचा एक कारकून येई. दुबलगुंडीला आलेले गृहस्थ रायचूरकडचे होते. त्यांना कन्नड येई, उर्दूत लिहिता येई, मराठी मात्र अजिबात नाही. मी बायकांत बसून त्यांच्याकडं पाहत होते. मुकुंदराव बोलू लागले की ते पानाला चुना लावत. हावगेप्पा बोलू लागले की घाईनं लिहायला घेत. आणि लिहिताना प्रत्येक वाक्याच्या आधी लिहीत, 'मुकुंदराव ने कहा.'

त्या दिवशी मुकुंदराव मराठीत काय म्हणाले, ते मला आजही आठवतं. ते म्हणाले, "रयतेच्या अडचणींचा सरकारनं सहानुभूतीनं विचार करावा, असा आमचा नम्र अर्ज आहे." एवढं बोलून त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

आणि हावगेप्पांनी कन्नडात जे सांगितलं, त्याचं मराठी असं, "वाकून अर्ज लई दिले. आता उभं राहणं हाच आमचा अर्ज."

मांडवातली माणसं खरोखरच उठून उभी राहिली. मुकुंदरावांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. कारकुनांनी लिहिलं, मुकुंदराव ने कहा.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, निदान तसं वाटतं. मुकुंदरावांना धरलं, खटला उभा राहिला. त्यांचे वकील प्राणेश माझ्याकडं आले आणि म्हणाले, "बाई, तिन्ही भाषा येणाऱ्या तिथं तुम्हीच होता. वाक्य यांचं नव्हे एवढं सांगा, म्हणजे हे सुटतील." मी विचारलं, "मग कुणाचं म्हणून सांगू?" वकीलसाहेबांनी कागद आवरायला घेतले. मी तेव्हा सरकारी शाळेत होते. साक्ष दिली असती तर नोकरी गेली असती. तरी मी साक्षीला गेले, हे खरं आहे. माझं नाव पुकारलं जाऊ नये असं मनात म्हणत होते, हेही खरं आहे.

ते पुकारलं गेलं नाहीच. त्याआधीच खटला चालवणाऱ्या मुन्सफसाहेबांनी कारकुनांचा कागद पुढं करून मुकुंदरावांना विचारलं, हे शब्द तुमचे का? वकील उठायच्या आत मुकुंदराव म्हणाले, "जी हुजूर, ये अल्फाज मेरे हैं."

बाहेर ओसरीवर मी त्यांना गाठलं. दोन शिपाई दोन बाजूंना होते. मी म्हणाले, "मुकुंदराव, हे काय केलंत?" ते हळूच म्हणाले, "हावग्याच्या बायकोला, नागम्माला, आठवा महिना लागलाय, बाई. त्याच्या घरी दुसरं कोण हाय? माझ्या घरी भाऊ हायेत, शेत हाय. कुणाला बोलू नका."

माझ्या मते त्यांच्या कारकीर्दीतलं सर्वांत मोठं भाषण हेच, कोर्टात केलेलं, 'जी हुजूर' सोडलं तर चार शब्दांचं. त्याचा उल्लेख आजच्या मानपत्रात नाही.

हावगेप्पा दुसऱ्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी गेले होते, मला आत घ्या म्हणून. मुकुंदरावांनी जाळीआडून त्यांना परत पाठवलं. "गाढवा, दोघं आत बसून काय करायचं? घरी जा. तोंड उघडलंस तर माझी आण हाय." हावगेप्पांनी आण पाळली. नऊ वर्षं पाळली.

सभा दोघांची, व्यासपीठ एक. एक तुरुंगात गेला आणि दुसरा घरी राहिला. गाव काय म्हणणार? कुणीतरी म्हणालं, हावगेप्पाला कामून सोडलं असेल? दुसरा म्हणाला, उगंच सोडत न्हाईत. तिसऱ्यानं त्यांना खबऱ्या म्हटलं आणि ते नाव चिकटलं. हावगेप्पा पारावर आले की बोलणं थांबू लागलं. त्यानंतर त्यांना एकाही सभेत कुणी उभं केलं नाही. एवढा मोठा आवाज नऊ वर्षं फक्त बैलांनी ऐकला.

मुकुंदराव सुटून आले तेव्हा ते वाक्य त्यांच्या आधीच गावोगाव पोचलं होतं. ठिकठिकाणी लोक म्हणू लागले, अण्णा, तेवढं म्हणा. पहिल्या सभेत ते अडखळले, मी पाहिलं होतं. दुसऱ्या सभेत अडखळले नाहीत. दुसऱ्याची घोंगडी पावसात अंगावर घ्यावी, पाऊस थांबला तरी ती खांद्यावरच राहावी, आणि पुढं तिची ऊबही आपलीच वाटू लागावी, असं माणसाचं होतं. मी त्यांना दोष देत नाही. मलाही गप्प राहायची सवय झाली होती. त्या गप्प राहण्यात हावगेप्पांची काळजी किती होती आणि माझ्या नोकरीची किती, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर आलं.

तेव्हा खरं बोलणं म्हणजे हावगेप्पांना तुरुंगात धाडणं होतं. सप्टेंबरात हैदराबादचं ते सरकार गेलं. आता पौष आहे. या तीन महिन्यांत बोलायला कुणाची भीती होती?

आणि आता बोलायलाच हवं, त्याचं कारण चनमल्लप्पांच्या पिशवीत आहे. चनमल्लप्पा, पिशवी सावरू नका, मी ती मागत नाही. जुन्या राजवटीत पोलिसांना बातम्या पुरवणाऱ्यांची एक यादी समितीनं केली आहे. आज समारंभानंतर मुकुंदराव तिच्यावर सही करतील आणि परवा ती गावोगावच्या चावडीवर वाचली जाईल. तिच्यात अकरावं नाव हावगेप्पांचं आहे.

काल नागम्मा माझ्याकडं आली होती. बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "अक्का, चावडीवर नाव वाचल्यावर आम्ही गावात कसं ऱ्हावं? पोरगी विचारायलीय, अव्वा, खबऱ्या म्हणजे काय? मी काय सांगू?" मी विचारलं, "हावगेप्पा काय म्हणतात?" ती म्हणाली, "ते काय म्हणणार? अण्णाची आण हाय म्हणून बसलेत. आणीवर भाकर भाजती व्हय?"

आज दुपारी मी मुकुंदरावांकडं गेले. पाहुणचाराची गडबड होती, सुशीलाबाईंनी आम्हाला माजघरात बसवलं. मी त्यांना यादीचं विचारलं. त्यांनी माजघराचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "नाव काढा म्हटलं की समिती विचारते, कामून? मी काय सांगू, बाई? नऊ वर्षं लोकांनी ज्या वाक्याला टाळ्या दिल्या ते माझं न्हाई म्हणू? आता, या दिवशी?" मी म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते." ते म्हणाले, "तुम्हाला कोण अडवणार." ते होकारानं म्हणाले की थकून, मला कळलं नाही. मी तो होकार मानला. माझी चूक असेल तर ती त्यांनी सर्वांदेखत सांगावी.

मुकुंदराव, तुमचं माप या वाक्यावर आहे असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. चांगलं वाक्य कुणालाही सुचू शकतं. दुसऱ्याच्या वाक्यासाठी अठरा महिने तुरुंगात जाणारा माणूस मी एकच पाहिला. तुम्ही वाक्य परत दिलंत तर तुमच्याकडं काहीच उरणार नाही, ही भीती सोडा. उलट, ते परत दिलं नाहीत तर तुमचा तो तुरुंगवास कुणासाठी होता हे कुणाला कधी कळणारच नाही. आणि ज्याला तुरुंगापासून वाचवलंत, त्याला तुमच्याच सहीनं गावाबाहेर काढाल.

अध्यक्षमहाराज, माझी दहा मिनिटं केव्हाच संपली. घंटीवर हात ठेवूनही आपण ती वाजवली नाहीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. एकच विनंती उरली. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत दुभाषी नाही. वेळ कमी म्हणून वगळला, असं मला सांगण्यात आलं. पण मागं दाराशी बसलेल्या दुबलगुंडीच्या कन्नड बोलणाऱ्या मंडळींना माझं निम्मं भाषण कळलेलं नाही, आणि ते कळायला हवं असे नेमके तेच लोक आहेत. त्यांच्यातच, खांबाला टेकून, हावगेप्पा बसले आहेत.

हावगेप्पा, मान खाली घालू नका. आण मुकुंदरावांनी घातली होती. ती सोडायची तर त्यांनीच सोडायला हवी.

मी थांबते. त्यांच्या उत्तरासाठी थांबते.

मंडळी, मागं बसलेल्यांना कदाचित दिसलं नसेल, म्हणून सांगते. मुकुंदराव उठले आहेत. स्वतःची खुर्ची उचलून त्यांनी बाजूला, दुभाष्याच्या जागी नेऊन ठेवली आहे, आणि ते तिच्यामागं उभे आहेत.

आण सुटली, असं मी समजते. माझं काम झालं. संयोजकांचे, हे गुदाम झाडून देणाऱ्या गिरणीच्या मालकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. घरगुती आठवणी सांगायला बोलावलेल्या बाईनं हद्द ओलांडली असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते माझ्या उशिरा बोलण्यामुळं झालं असं समजावं आणि पोटात घालावं.

या हावगेप्पा, वर या. माझं मराठी संपलं. मी बोलले तेवढंच सांगा, असा माझा आग्रह नाही.