आमेननंतरचं ताट

दीपमाला: ताट मागे ओढ, आई.

मालन: आता कसं ओढू? आमेन झालंय.

दीपमाला: झालं असू दे. पप्पांनी मागितलेलं नाही.

मालन: शेवटी म्हणाले की, 'येशूच्या नावाने मागतो.' तुझ्यासमोर म्हणाले.

दीपमाला: ते देवाकडे मागितलं. तुझ्याकडे मागायला पाहिजे.

मालन: देव येणारे का वाढायला? वाढते तर मीच.

दीपमाला: पप्पा, इकडे बघा. माझ्याकडे. भाकर पाहिजे ना? मग म्हणा, 'दे.' एवढंच. दे.

सहादू:

(सहादूच्या नावापुढे जागा रिकामी असेल तिथे तो गप्प आहे. ती जागा घाईने ओलांडू नये.)

मालन: डाळ निवतेय.

दीपमाला: निवू दे. पप्पा, दे.

सहादू: हे दयाळू बापा, या ताटाबद्दल तुझे उपकार मानतो. ज्या हातांनी हे रांधले त्या हातांना बळ दे. ज्यांच्या घरी आज चूल पेटली नाही त्यांना विसरू नकोस. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

दीपमाला: पुन्हा तेच.

मालन: आता तर दोनदा आमेन झालं. घ्या हो, जेवा तुम्ही.

दीपमाला: आई, तू ना…

मालन: काय आई? माणूस दोनदा प्रार्थना करून बसलंय आणि मी ताट धरून ठेवू? वर काय तोंड दाखवू?

दीपमाला: वरचं वर बघू. गंगापूर रोडला स्पीच थेरपीच्या रोशनी मॅडमना काय तोंड दाखवायचं ते सांग. दर वेळी विचारतात, घरी सराव होतो का. मी हो म्हणते. खोटं बोलते मी.

मालन: खोटं नको बोलू. सांग त्यांना, आमच्यात असं चालत नाय.

दीपमाला: असं सांगू? की पेशंटनं ताटापुढे प्रार्थना केली म्हणून सराव रद्द?

मालन: मंग काय. त्यांना नसंल माहीत. चांगली बाई हाय, समजून घेईल.

दीपमाला: आई, झटक्यानंतरचे हे पहिले महिने आहेत. आता जे परत येईल ते येईल. मॅडम म्हणाल्या, आता नाही बोलले तर पुढे फार अवघड आहे. तुला कळतंय ना मी काय म्हणते?

मालन: कळतंय. हळू बोल. ऐकतात ते.

दीपमाला: ऐकतात का, तेच तर कळत नाही.

सहादू:

मालन: खाऊन झाल्यावर तोंड पुसायचं, इकडं करा. असं. उजवीकडचं यांना समजत नाय, मिशीला लागलेलं तसंच राहतं.

दीपमाला: पेठ तालुक्यात पाड्यापाड्यांवर सुवार्ता सांगत हिंडलेला माणूस. बाजारात माईक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज.

मालन: आणि घरात?

दीपमाला: घरात जास्तच. दूध उतू गेलं, त्यावर बोध. विळी बोथट झाली, त्यावर बोध. त्या दिवशी नळाचा वॉशर बदलायला बसले आणि विश्वास या विषयावर अर्धा तास बोलले. पाणी गळतच होतं.

मालन: शेवटी प्लंबरनं बदलला.

दीपमाला: त्यालाही बोध केला. चहा पाजला आणि बोध केला.

मालन: तो परत आलाच नाय कधी.

दीपमाला: मी कॉलेजात असताना मैत्रिणींना घरी आणायची नाही. आशा आली होती एकदा, तिच्या स्कूटीची चावी हरवली. पप्पा म्हणाले, 'चला, आधी यातून आपण काय शिकतो ते बघू.' ती म्हणाली, 'काका, आधी चावी बघू.'

मालन: चावी यांच्याच खिशात होती.

दीपमाला: आता वाटतं, कुठलाही बोध चालेल. माझ्यावर केला तरी चालेल. पप्पा, ऐका. आज मी कुकरला शिट्टीच लावली नाही. सगळी वाफ गेली, डाळ कच्ची राहिली. यातून आपण काय शिकतो?

सहादू:

दीपमाला: सोप्पं आहे. तुम्ही पूर्वी दहा मिनिटं बोलला असता यावर.

सहादू:

मालन: आपण शिकलो की कुकर मी लावायचा.

दीपमाला: तू नको बोलूस ना. ते बोलणार होते कदाचित.

मालन: नव्हते बोलणार. तोंड कसं करतात मला माहितीय.

दीपमाला: बरं.

मालन: चिडू नको. अजून एक भाकर टाकते, तू पण बस.

दीपमाला: मी चिडले नाही. मी दमले.

मालन: मी नाय दमले का? दीपा, मला एक सांग. प्रार्थना करताना एक शब्द अडत नाय यांचा. गडगड बोलतात, पहिल्यासारखं. मंग आमेन झालं की कुलूप. असं कसं?

दीपमाला: मॅडमनी सांगितलं होतं की. तू नव्हतीस तेव्हा.

मालन: मला वाटतं, देवाशीच बोलायचं ठरवलंय यांनी. माझ्याशी नाय. तसं आधी पण काय वेगळं होतं म्हणा. लग्न ठरलं तेव्हा सुद्धा माझ्या बापाशी बोलले, पाळकसाहेबांशी बोलले. मी तिथंच चहाचा ट्रे धरून उभी.

दीपमाला: आई, ते देवाशी बोलत नाहीयेत.

मालन: म्हणजे?

दीपमाला: पाठ झालेल्या गोष्टी मेंदूत वेगळीकडे असतात म्हणे. वार, महिने, गाणी, प्रार्थना. झटका आला तो बोलण्याच्या जागेला. पाठांतराची जागा शाबूत आहे. ताट दिसलं की बटण दाबल्यासारखं ते सुरू होतं. बोलण्याशी त्याचा काही संबंध नाही.

मालन: म्हणजे टेपसारखं?

दीपमाला: तसंच काहीतरी.

मालन: मंग ते प्रार्थना पण करत नाय?

दीपमाला: तसं नाही म्हणायचं मला.

मालन: तसंच म्हणलीस.

दीपमाला: आई, तो आजार आहे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं…

मालन: भाकर जळतेय. थांब.

सहादू:

दीपमाला: आई. ये ना इकडे.

मालन: येते. तवा पुसते.

दीपमाला: मी बोलायला नको होतं.

मालन: बोललीस ते बरं केलंस. बुधवारी मला ताप होता तेव्हा डबा मागवला होतास ना?

दीपमाला: हो. मेसचा.

मालन: त्या डब्यावर काय म्हणाले?

दीपमाला: तेच. सगळं तेच.

मालन: हातांचं पण?

दीपमाला: हो, हातांचं पण.

मालन: कुणाचे हात मंग? मेसवाल्याचे?

दीपमाला: आई.

मालन: विचारते फक्त.

दीपमाला: तुला काय झालंय?

मालन: काय नाय. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं एकदा म्हणलं नाय, भाजी चांगली झाली. एकदा नाय. खारट झाली तरी नाय म्हणलं, अळणी झाली तरी नाय. दिंडोरीला माझ्या आईनं विचारलं होतं, जावईबुवा बोलतात का गं तुझ्याशी? मी म्हणलं, बोलतात की, रोज बोलतात. जेवायच्या आधी.

दीपमाला: म्हणजे ती ओळ…

मालन: 'ज्या हातांनी हे रांधले.' मला वाटायचं, मलाच म्हणतात. मधी देवाला घातलंय फक्त. माझ्याशी बोलायला लाजरं माणूस, म्हणून तसं. मी पाठमोरी असायची, तव्यावर भाकर असायची, पण ती ओळ आली की माझा हात थांबायचा. रोज थांबायचा. एखाद्या दिवशी पापुद्रा करपायचा त्यापायी.

दीपमाला: मला हे कधी कळलं नाही.

मालन: सांगण्यासारखं नव्हतं. बाईमाणूस प्रार्थनेत काय ऐकतं, हे काय सांगायचं?

सहादू:

मालन: बघतात कसे. काही कळलं का हो तुम्हाला? मी काय म्हणले?

सहादू:

मालन: नाय कळलं.

दीपमाला: तू पप्पांच्या समोर बसून ती प्रार्थना कधी ऐकलीयस?

मालन: कधी बसणार? गरम वाढायचं असतं. हे आमेन म्हणतात तेव्हा दुसरी भाकर फुगायला आलेली असते.

दीपमाला: आज बस.

मालन: आता जेवण झालं त्यांचं.

दीपमाला: कुठे झालं, चार घास खाल्लेत. ताट मी नव्याने वाढते. गॅस बंद कर.

मालन: एकच भाकर राहिलीय. नागलीची. माझ्यासाठी ठेवली होती.

दीपमाला: ती वाढ. त्यांना नाचणीचीच आवडते. बाजरीची तुझ्या समाधानासाठी खातात.

मालन: आणि परत टेप वाजली तर?

दीपमाला: वाजू दे. तू समोर असशील.

मालन: नको. त्यांनी नको म्हणायला. मी म्हणते आज.

दीपमाला: तू? प्रार्थना?

मालन: का, मला येत नाय? महिला मंडळात करते की, पाळी आली की.

दीपमाला: तिथे तू 'प्रभू धन्यवाद' म्हणून खाली बसतेस.

मालन: मंग तेवढंच म्हणीन. सरक. त्यांचं ताट असं मधी ठेव. माझं नको वाढू.

दीपमाला: बस. डोळे मिट.

मालन: बापा. मला यांच्यासारखं बोलता येत नाय, तुला माहितीय. डाळ झालीय, जराशी कच्ची हाय, दीपानं लावली होती. भाकर झालीय. त्याबद्दल उपकार. हे माणूस इथं समोर बसलंय. आत हाय का नाय, ते तुला ठाऊक. दीपा म्हणते डॉक्टरांचं वेगळं हाय. असंल. मला तेवढं एकदा कळव, आत हाय का. बोललं नाय तरी चालंल, बोध नाय केला तरी चालंल, नुसतं कळव. आणि नाय कळवायचं असंल तर नको कळवू, मी भाकरी करत राहीन. माझ्या हातांचं मी काय म्हणत नाय, आपल्याच हातांचं कसं म्हणायचं. येशूच्या नावानं. आमेन.

दीपमाला: आमेन.

सहादू:

मालन: सुरू झाले का?

दीपमाला: नाही.

मालन: ताट दिसत नाय का त्यांना?

दीपमाला: दिसतंय. ताटाकडेच बघतायत. आई, पहिल्यांदाच असं झालं. ताट समोर आहे आणि सुरू झाले नाहीत.

मालन: तब्येत बरी नसंल. कपाळाला हात लावून बघ.

दीपमाला: थांब. हलू नकोस.

सहादू:

मालन: भाकर घेतायत. सांडतील गं, डावा हात हाय. मी कुस्करून देते.

दीपमाला: हात लावू नकोस, आई. प्लीज.

मालन: मोडली बघ. अर्धी ताटाबाहेर पडली. मी म्हणत होते.

दीपमाला: पडली नाही. उचललीय त्यांनी.

मालन: मंग खात का नाय?

दीपमाला: तुझ्याकडे धरलीय.

मालन: माझ्याकडं? पाणी पाहिजे असंल. अहो, पाणी देऊ का?

सहादू: घ…

दीपमाला: आई, बोलू नकोस काही.

सहादू: घ… घे.

मालन: काय म्हणाले?

दीपमाला: तू ऐकलंस.

मालन: ऐकलं. तू सांग तरी.

दीपमाला: 'घे' म्हणाले. मॅडम गेले कितीतरी दिवस 'दे' शिकवतायत. कुणीच शिकवलं नव्हतं त्यांना हे.

सहादू: घे.

मालन: अहो, तुम्ही खा आधी.

दीपमाला: आई, घे ना. किती वेळ धरून ठेवतील?

मालन: घेते. घेतली बघा. अहो, मोठा तुकडा मला दिलात. तुम्हाला काय राहिलं?