दाराशेजारचे सात दगड

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न टाकतो. चूक करणं मोठं पाप, की ती झाकणं? हं, पुढची मंडळी लगेच माना डोलवायला लागली! अहो, थांबा, उत्तराची घाई नको.

निवृत्तीअण्णा म्हणून एक गृहस्थ. पोस्टातून रिटायर झालेले. बायको, सिंधूताई, सहा वर्षांपूर्वी गेली. घरात एकुलती लेक पल्लवी. तिचा साखरपुडा ठरला, अन् अण्णांनी मनावर घेतलं — घराच्या दर्शनी भिंतीला दगडी क्लॅडिंग करायचं, म्हणजे वरून चपटे दगड चिकटवायचे! ‘गवंडी कशाला? मी लावतो!’ मोबाईलवर बघितलं होतं ना! मोबाईलवर बघून हल्ली काय येत नाही? कीर्तनसुद्धा येतं!

आता, भिंत गुळगुळीत असली की दगड धरत नाही. छिन्नीनं टाचे मारून ती खरबरीत करावी लागते. अण्णांनी सगळ्या भिंतीला टाचे मारले — फक्त दाराशेजारची हातभर जागा सोडली. तिथं काय होतं? वास्तुशांतीला सिंधूताईंनी उमटवलेले कुंकवाचे दोन पंजे! पुसू नयेत म्हणून अण्णांनीच त्यावर व्हार्निश मारलेलं. तिथं छिन्नी चालवायची? छे! हात उचलेना. तसाच सिमेंटचा माल थापला, वर सात दगड बसवले.

साखरपुड्याची सकाळ! गुरुजी म्हणाले, “पाट दाराशेजारी मांडा. मुलीचं तोंड पूर्वेला हवं.”

अण्णा सहज गेल्यासारखे भिंतीपाशी गेले अन् टिचकी मारली. बाकीचे दगड — टण्! हे सात — बद्द, आतून सुटलेले! कडेला केसाएवढी फट.

“गुरुजी, पाट जरा तिकडं सरकवला तर?”

“मुहूर्त जातोय, अण्णा!”

तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, “हे सगळं तुम्ही स्वतः केलंत? आमच्या ह्यांना खिळा ठोकता येत नाही हो!” अण्णा हसले. काय ते हसणं, मंडळी!

पल्लवी पाटावर बसली. अण्णांची नजर वर. ओटी भरेपर्यंत टिकेल? एवढं कार्य पार पडू दे, देवा! — का हो, आपणही असंच म्हणतो ना? विहीणबाई ओटी भरायला वाकल्या, अन् वाळूचे चार कण पल्लवीच्या खांद्यावर पडले.

“ऊठ!” अण्णा ओरडले. “ऊठ पोरी! विहीणबाई, मागं सरा! माझं काम कच्चं आहे — मला ठाऊक होतं!”

अण्णांनी बाजूला उभं राहून फटीत थापी घातली. एकच हिसका — सातही दगड धाडकन खाली! पाटाची कड फुटली. आणि भिंतीवर? दोन पंजे. लाल, जसेच्या तसे!

अण्णा मटकन बसले. “तिच्या हातांना छिन्नी लागू नये म्हणून केलं... अन् तुझ्याच डोक्यावर आणलं, पोरी!” रडू आवरेना.

विहीणबाईंनी दगड बाजूला केले, घरातून दुसरा पाट आणला, अन् त्याच पंजांखाली मांडला. “बस, पल्लवी. आता इथं भीती नाही.”

मंडळी, अण्णांची माया खोटी होती का? नव्हती! पण म्हणून दगड टिकला का? सांगा! आता गजर करूच. पण टाळ उचलायच्या आधी आपापल्या भिंतीला एक टिचकी मारा. अन् बद्द वाजलं, तर लोक काय म्हणतील ते नंतर बघा — खाली कोण बसलंय, ते आधी बघा!