गप्प तो राजी

साळूबाई: ...मग आज तरी तोंड उघडशील का चांगुणा? का पुन्हा पदराला गाठी मारत बसशील?

चांगुणा: बोलते ना मावशी. पण अध्यक्ष कोण हाय ते बघा की.

साळूबाई: तुझा थोरला दीर. फुलवाल्यांच्या या मंडळात निम्म्या बायांचा वाल्मीकराव दीर नाय तर सासरा. लय हिशेबानं निवडलाय.

प्रतिभा: साळूबाई, हळू. सेक्रेटरीलाही कान असतात. आज विषय एकच. सिंहस्थापुरती वरची खोली यात्रेकरूंना द्यायची. तिथं शाळेसाठी राहणाऱ्या मुली तोवर गावी जातील.

साळूबाई: पेठ तालुक्यातल्या या पोरी शाळा सोडून गावी गेल्या की द्राक्षाच्या बागेत मजुरीला जातात प्रतिभाताई, नाय तर बोहल्यावर. तुमच्या ‘तोवर’ला परतीचं तिकीट नाय.

प्रतिभा: मग सभेत मांडा. लोकशाही आहे.

साळूबाई: मला कुठं मत? मागल्या सभेत हार घालून ‘सल्लागार’ केलंत. मान पुढं करायला लावली, तवाच ओळखलं.

प्रतिभा: तेही सर्वानुमते झालं.

साळूबाई: एक बाई बोलली नाय!

प्रतिभा: म्हणूनच. ‘गप्प तो राजी’ हा नियम तुमचाच ना?

साळूबाई: माझाच. हात वर केला की पदर ढळतो म्हणून बाया लाजायच्या. म्हनलं, नका करू. ज्याला खुपतंय त्यानंच बोलायचं. तवा समोर दीर बसत नव्हते.

चांगुणा: मग आता हात वर करू द्या की ताई. हाताला नातं नसतं.

प्रतिभा: त्यासाठी नियम बदलावा लागेल. तो सभेतच बदलतो. आणि सभेत कुणीतरी बोलावं लागतं.

चांगुणा: बोलते मी. घरी काय व्हायचं ते होऊ दे.

साळूबाई: शाब्बास. माझ्याकडं बघून बोल. त्यांच्याकडं बघूच नको.

(दाराबाहेर वाल्मीकराव खोकतात. सतरंजीवरच्या बायकांची कुजबूज थांबते.)

प्रतिभा: या अण्णा, बसा. तर, वरची खोली सिंहस्थ संपेपर्यंत यात्रेकरूंना. कुणाची हरकत?

साळूबाई: चांगुणा...

प्रतिभा: सल्लागारांनी मध्ये बोलू नये. कुणाची हरकत?

साळूबाई: बोल गं बाई. वर पोरी अभ्यासाला बसल्यात.

प्रतिभा: नाही ना कुणाची? सर्वानुमते मंजूर. अण्णा, चहा घ्या.

चांगुणा: मावशी... पोरींच्या वळकट्या बांधायला मी येते.