तेजरामचे आठ एकर

— अजी खाटेवरच बसा, तुमच्यासाठीच टाकली हाये! तुलाराम तलावावर गेला, येईलच, तोवर मले विचारा ना, मी कवडू, शेजारचा, या घरचं मले त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक. पोट्टा? तेजराम? नागपुरातून बी. एस्सी. झाला जी, तेही मासळीचं शिकून — मी म्हटलं, अबे, तुया बापानं जिंदगीभर मासळीच पाहिली, तुले कॉलेजात जाऊन पाहायची काहून पडली? हसते बिचारा. आता म्हणते, पुढचं शिकायले बिलायतेले जातो. तिथल्या मासोळ्या इंग्रजीत बोलत असतील! — शेती? हाव जी, आठ एकर धान, लिहा, लिहा. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी शेती कशी, असं तोंड करून पाहू नका, जमाना बदलला. दारातली बैलजोडी पाहिली ना? यांचीच. हा रेडिओ, हे पाण्याचे पितळेचे गुंड, सारं यांचंच. तुमच्या पोरीले डोक्यावर पाणी आणावं लागणार नाई, सांगून ठेवतो —

काय? पोरगी नाई तुमाले? मंग भावाची असंल. — भावाचीही नाई? मंग पोट्टा पाहायले कायले आले जी?

शिष्यवृत्ती? बिलायतेची? चौकशीले आले — आन् घर गरीब असलं तरच भेटते?

थांबा, थांबा, पेन ठेवा खाली! खोटं जी ते, सारं खोटं! धानाची एक बांधी नाई यांच्या नावावर. आमच्या टोलीची रीतच हाये — सोयरीक घेऊन कोनी नवा माणूस आला, का जो तो आपल्या घरचं सामान त्या दारात आणून मांडते. रेडिओ शकुनबाईचा, गुंड उषाबाईचे, बैल माये. माया पोराच्या वेळेस दुसऱ्याची म्हैस बांधली होती, व्याही अजून विचारते, ते म्हैस कुठं गेली मनून! तुमी फटफटीवर आले, वेशीवरच विचारलं, पोरगा किती शिकला, घरी काय काय हाये — सोयरे हेच विचारतात ना जी? आमी काय समजावं?

दोन घरी अगोदरच विचारलं? त्याईनंही आठच एकर सांगितले? सांगतीलच! मीच बजावून ठेवलं होतं, सारे आठच म्हणा, कोनी सहा म्हटलं, कोनी दहा म्हटलं, तं पाहुणा पळते. — मी आता पैशासाठी पलटून राहिलो? नाई जी! बैलाले हाक मारून दाखवतो, मायेच हायेत ते — ए लाख्या! लाख्या रे! — पाहत नाई. वैरणीत तोंड हाये त्याचं. रोज दौडत येते, तुमची शप्पथ. मंग तलाठ्याले विचारा. — नाई तो गावात? उद्या येते ना! — आजच कागद भंडाऱ्याले द्यायचे? आजच?

साहेब, त्या तुलारामनं पोट्ट्याच्या शिक्षणापायी डोंगा विकला, आता छातीइतक्या पाण्यात उभा राहून जाळं फेकते. त्या पोट्ट्याले मी रोज चिडवतो, गोरी बायको आणशील, तं ते सुकट पाहून पळंल — पण बिलायतेले न्यायची पेटी मीच घेऊन दिली त्याले, पवनीच्या बाजारातून, कोनाले सांगू नका. सातवीत दोनदा बसलो मी, मले काय समजते? मले एवढंच वाटे का टोलीतलं एखादं तरी — हसता काहून? मी गंमत नाई करून राहिलो जी! आता नाई करून राहिलो!

अजी साहेब — साहेब, खोडा ना ते आठ! —

तू कायले बाहेर आली वं, रेवता? — कोनी नाई. — हाव, तुया पोट्ट्याचंच, तेजरामचंच विचारत होते. — मले काय मालूम, काय लिहून नेलं त्याईनं! जाय आत. जाय म्हटलं ना.