मिस थ्रेलफॉल माफी मागतात

नाही गं, गालाला एवढा रंग नको फासूस — अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे मी, मेणाची बाहुली नाही. आणि त्या कॅमेरावाल्यांना सांग, माझ्या पियानोला हात लावायचा नाही. काय म्हणालीस? हो, मीच ती! ‘तू जन्मात गायिका होणार नाहीस’ असं जेनीन क्रॉपरला म्हणणारी तिची संगीत शिक्षिका. साऱ्या इंग्लंडला ठाऊक आहे — फक्त मलाच आठवत नाही.

आठवेल कसं? मी तसं म्हणालेच नाही. बारा वर्षांची होती, बाप मासेमारीच्या बोटीवर, अंगातल्या स्वेटरलासुद्धा माशांचा वास — आणि पोरीनं तोंड उघडलं, तसे माझे हात पियानोवरच थबकले. वर्षानुवर्षं या फ्लीटवूडमध्ये मी शेळ्यामेंढ्यांना सूर शिकवत होते गं. त्यांच्यात ही! तिला मी असं म्हणेन?

पण तिचा पहिला अल्बम घराघरात वाजायला लागला, टीव्हीवर बक्षीस मिळालं, आणि ते उंच धरून ही म्हणते, “मिस थ्रेलफॉल, हे तुमच्यासाठी!” मी इथंच बसले होते, हातात चहा — मला वाटलं, आभार मानतेय. डोळे भरून आले माझे. मग पुढचं वाक्य आलं — ‘तू जन्मात गायिका होणार नाहीस’वालं. दुसऱ्या दिवशी खाटकाच्या दुकानात मी रांगेत पहिली, पण त्याला मी दिसेचना! बरं, तिनं तेवढ्यावर थांबावं की नाही? दुसरा अल्बम आपटला — तर मुलाखतीत मी तिला शाळेच्या गायनवृंदातून हाकलून दिलं होतं. तिसरा कुणी घेतलाच नाही — तेव्हा आत्मचरित्रात मी तिचं पहिलं गाणं टराटरा फाडलं. तिची गाणी खाली आली की माझा दुष्टपणा वर जायचा. आता समुद्रकाठी सुट्टीला आलेल्या लोकांपुढे गाते म्हणे, ते जेवत असताना. म्हणून ही फिल्म. मी माफी मागायची, तिनं मला मिठी मारायची.

खुलासा का नाही केला? केला असता की — पण खुलासा केला की लोक विचारतात, मग खरं काय? खरं... काही नाही गं, एक पत्र. सतराव्या वर्षी तिला मँचेस्टरला संगीत शिकायला जायचं होतं, माझी शिफारस हवी होती. लिहिली मी, चांगली दोन पानं. पण मे महिन्यात चर्चची मिरवणूक, तिच्याशिवाय गाणार कोण — म्हटलं, त्यानंतर टाकू. मग नाताळच्या तालमी आल्या. मग तारीखच गेली. नकार घेऊन आली माझ्याकडे, रडत. मी म्हटलं, “बाळ, फार कडक निवड असते त्यांची.” आणि केक दिला तिला. एवढ्या वर्षांत एकच आवाज मिळाला होता गं मला!

मग ती पबमध्ये गायला लागली, इथं स्वतःच्या आत्याच्या मयतीला आलेल्या लंडनच्या एका रेकॉर्डवाल्यानं ऐकली, आणि झाली की मोठी. पत्र टाकलं असतं, तर आज माझ्यासारखीच कुठंतरी पोरं हाकत बसली असती. भलंच झालं ना तिचं? बोल की. ब्रश का खाली ठेवलास?

नाही, तिला नाही माहीत. मला इतकं वाईट ठरवलं, पण हे काही तिला सुचलं नाही. आज? छे! आज मी न केलेल्याची माफी मागणार — कॅमेरावाले दहा वेळा म्हणाले, तर दहा वेळा. त्याला काय लागतं?

गाडी थांबली वाटतं. आली ती. जा तू. राहू दे ते डोळ्यांखालचं — जा म्हटलं ना!