पोटाचं रक्त

कमळाबाई: ...म्हणून म्हणते, डॉक्टरांपुढे नुसती मान हलवू नकोस. नाहीतर राहू दे, मागच्या खेपेसारखं मीच सांगते. या आठवड्यात किती वेळा रक्त गेलं?

मीनल: आई, रिक्षा नका बोलावू अजून. बसा जरा.

कमळाबाई: अकराची वेळ दिलीय गं. अंबरनाथहून कॅम्प चारच्या दवाखान्यात जायचं म्हणजे अर्धा तास मोडतो.

मीनल: तुम्ही तिकडे जे सांगता ना, ते बरोबर नाहीये.

कमळाबाई: मी खोटं सांगते? चार महिने तुझे कपडे मी भिजत घालतेय. तुझ्या त्या क्रोन्सच्या आजारानं आतडं पोखरलंय, रक्त थांबत नाही, म्हणून तर गोळ्या दुप्पट केल्या त्यांनी. आजही थांबलं नसेल तर अ‍ॅडमिट करून आतडं कापायचं म्हणतात.

मीनल: ते तुमच्या सांगण्यावरून म्हणतात. ते रक्त आतड्यातलं नाही, आई. पाळीचं आहे.

कमळाबाई: पंधरा-पंधरा दिवस पाळी असते का कुणाला?

मीनल: मूल न होण्याच्या गोळ्या घेतेय मी. जूनपासून.

(कमळाबाई हातातली रिपोर्टांची पिशवी खाली ठेवतात.)

कमळाबाई: समीरला ठाऊक आहे?

मीनल: हो. पोटाच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, ही औषधं चालू असेपर्यंत दिवस जायला नकोत, बाळाला अपाय होईल. मी काय घेते ते त्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही. तुम्ही शेजारी असायचात.

कमळाबाई: आणि मी गौरीपुढे नातू मागत बसले.

मीनल: काल लेडी डॉक्टरकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, सारखे जुलाब होतात, गोळी नीट अंगी लागत नाही, म्हणून मधेच केव्हाही अंगावर जातं. गोळीऐवजी दुसरं काहीतरी देणार आहेत. पण हे पोटाच्या डॉक्टरांना आजच सांगा म्हणाल्या.

कमळाबाई: गौरी जेवायच्या दिवशी मी तोंडावर विचारलं होतं तुला. अडचण आलीय का? तू म्हणालीस, नाही, पोटाचं आहे.

मीनल: नुकतीच आठ दिवस गॅलरीत बाजूला बसून उठले होते. घरात सोळा पानं, पुरण गॅसवर, आणि पुन्हा सुरू झालं. पोटाच्या रक्ताला तुम्ही बाजूला बसवत नाही. तोंडातून गेलं. मग रोज तेच सांगत गेले.

कमळाबाई: म्हणजे चार महिने देवांना नैवेद्य तुझ्या तसल्या हातचा.

मीनल: हो.

कमळाबाई: फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या आम्हाला. त्यातसुद्धा पाळलं मी. ह्यांच्या डिपार्टमेंटच्या परीक्षा होत्या, तरी स्वयंपाक त्यांनी केला, पण मी चुलीला शिवले नाही. मला कुणी विचारलं नाही, झेपतं का म्हणून.

मीनल: रागवा माझ्यावर, चालेल. पण तोंड बघा माझं, कसं सुजलंय त्या दुप्पट केलेल्या गोळ्यांनी. जिना चढताना गुडघे धरतात. जे रक्त पोटातलं नाहीच, त्याच्यासाठी माझं पोट कापतील आता. मला भीती वाटते, आई.

कमळाबाई: मीच सांगितलं ना. डॉक्टर, फार जातंय हो, औषध वाढवा. याच तोंडानं.

मीनल: तुम्ही काळजीनंच सांगितलंत.

कमळाबाई: एकदा आलं की किती दिवस राहतं?

मीनल: कधी अठरा. मग आठवडा बरा जातो. मग पुन्हा.

कमळाबाई: अठरा दिवस गॅलरीत. या थंडीत, जुलाब होत असताना.

मीनल: हं.

कमळाबाई: ऊठ, रिक्षा बोलाव. डॉक्टरांशी आधी मी बोलते. चुकीचं मी सांगितलं, ते मीच निस्तरते. मग तुझं तू सांग. मी बाहेर बसेन.

मीनल: समीर म्हणालाच होता. आईला सरळ सांग, ती समजून घेईल, तुला बाजूला बसवणार नाही.

कमळाबाई: समीरला काय कळतंय. बसवलं असतं गं मी तुला.