एक तारा, पालीसकट

...नाही, टाळ्या नकोत, आधीच सांगतो, टाळ्या वाजल्या की मला चेव येतो आणि चेव आला की मी काय करून बसतो तेच सांगायला आज उभा राहिलोय, आणि त्या मधूला कुणीतरी मागं बसवा हो, मी तोंड उघडायच्या आत हसतोय! गड्या, आपल्या मंडळाच्या ग्रुपवर त्या पालीच्या फोटोखाली उलटीची तीन चित्रं कुणी टाकली होती? तूच ना? मग आता गप ऐक. तर तुम्हाला सांगतो मंडळी, माझ्यामुळं एक चांगली बाई हा देश सोडून गेली. तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत गेली. आणि मी असं केलं तरी काय? गंमत केली हो, दुसरं काय!

आता मी कोण, हे नव्यांना ठाऊक नसेल. शिक्षण आठवी, त्यात सातवी दोनदा, म्हणजे तसा नववीच म्हणा की. पुण्यात छापखान्यात बाइंडर होतो, चाळीस वर्षं कागद दुमडले आणि चाळीस वर्षं शेजारच्याच्या डब्यात रबराची पाल ठेवली. मालक शिव्या द्यायचे, कामगार मागं धावायचे, आणि बायको... ती होती तोवर माझा एक दिवस बोलणी खाल्ल्याशिवाय मावळला नाही. सुखाचा संसार! ती गेली, आणि शार्दूलनं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, मला उचलून इथं शारजात आणलं. अल मजाज, एकोणिसावा मजला, खाली पाणी, वर ढगसुद्धा नाहीत.

घर झकास आहे हो, पण तिथं गंमत करायची कुणाची? सूनबाईंच्या, शुभ्राच्या, चहात मीठ घातलं. तिच्या कानात ते बोळे, समोर लॅपटॉप, अख्खा कप प्यायली आणि लॅपटॉपला म्हणाली, "ॲब्सोल्यूटली." शार्दूलच्या बुटात लिंबू ठेवलं, त्यानं दुसरे बूट घातले, लिंबू बुटात वाळलं. नात ईशानी, अकरावीला आहे, तिच्या दप्तरात पाल ठेवली तर तिनं पालीला हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, दॅट्स सो रँडम." चिडली नाही! अहो, ज्याच्यावर घरात कुणी चिडत नाही त्या म्हाताऱ्यानं उठायचं कशाला सकाळी?

तर या ईशानीनंच मला तारे द्यायचा नाद लावला. हॉटेलात जायचं, जेवायचं, फोनवर पाचपैकी तारे द्यायचे आणि खाली दोन ओळी लिहायच्या. मला शाळेत मास्तरांनी जन्मात पाचपैकी दोनच्या वर गुण दिले नाहीत, आणि इथं मी गुण देणार! आता हॉटेलं तरी कुठली? तर चिनी. कारण दुपारी मी कवळी काढून ठेवतो, आणि नूडल्सना दात लागत नाहीत, सुर्रकन आत. मी मराठीत लिहायचो, फोन आपला आपण त्याचं इंग्रजी करायचा. दुबईला, देऱ्यात, एक जण कणकेचा गोळा ओट्यावर आपटून आपटून त्याच्या दोऱ्या काढतो. लिहिलं, चार तारे, एक कापला, कारण आपटताना तो माझ्याकडं बघत होता. मॉलमध्ये एके ठिकाणी वाढायला यंत्र, मांजराच्या तोंडाचं, त्याच्या वाटेत पाय आडवा घातला तर अर्धा तास 'एक्स्क्यूज मी' म्हणत उभं राहिलं. पाच तारे, माझं ऐकायला इतका वेळ घरात कुणी थांबत नाही. अबू धाबीला, रीम आयलंडवर, शार्दूलच्या साहेबांनी जेवायला नेलं, तिथल्या डंपलिंगच्या पोटात रस्सा असतो. पोटात! मी चावा घेतला आणि रस्सा गेला थेट साहेबांच्या शर्टावर. तीन तारे, पण नेम उत्तम.

लोक खो खो हसायला लागले. दहाचे शंभर झाले, शंभरचे हजार. कुठं जेवायचं ते माणसं मला विचारून ठरवायला लागली. मला! सातवी दोनदा! आणि मी काय करत होतो? गंमत हो, दुसरं काय!

आणि मग लिनबाई भेटल्या.

आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता ओलांडला की लॉन्ड्री, आणि लॉन्ड्रीला खेटून त्यांचं दुकान. पाच टेबलं. बाई माझ्याहून चार-दोन वर्षांनी लहान, कपाळाला आठी, हातात करंगळीएवढं लाटणं. आमच्या दोघांत मिळून शब्द तीन: यल्ला, म्हणजे चला, खलास, म्हणजे संपलं, आणि नो. हसता काय? एवढ्यावर लोकांचे संसार झालेत. पहिल्याच दिवशी पाहिलं, बाई डंपलिंगला मुरड घालत होत्या, आपण करंजीला घालतो तशी, आणि मला काही राहवेना. उठलो, हात धुतले, एक पारी घेतली आणि घातली मुरड. अठरा चुण्या, सगळ्या एकसारख्या, बाइंडरचा हात आहे बाबा! बाईंनी ते डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट केलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पन्नास पाऱ्या माझ्यापुढं सरकवल्या. सत्तराव्या वर्षी नोकरी लागली!

दुसऱ्या दिवशी मी पाल घेऊन गेलो.

त्या वाफेच्या बांबूच्या टोपल्या असतात ना, त्यातल्या एकीत ठेवली आणि टेबलाशी येऊन साळसूद बसलो. बाईंनी झाकण काढलं. मला वाटलं, आता किंकाळी. कसली किंकाळी! काड्यांनी पाल उचलली, काळ्या व्हिनेगरात बुचकळली, बशीत मांडली, वर कांद्याची पात भुरभुरली आणि माझ्यापुढं आणून ठेवली. बिलासकट! पाच दिरहम, म्हणजे एकशे वीस रुपये, माझ्याच पालीचे! आणि तोंडावरची रेघ हलली नाही हो. मी मुकाट्यानं दिले. उभ्या आयुष्यात मला असं कुणी उलटं गाठलं नव्हतं. त्या बशीचा मी फोटो काढून ठेवला, लोक लग्नाचा ठेवतात तसा.

मग काय, रोज चार वाजता मी हजर. दहा डंपलिंगांत एकात अख्खी मिरची असायची, कुठल्यात ते बाईंनाच माहीत. मी त्यांचं लाटणं लपवायचो, त्या माझी चप्पल फ्रिजमध्ये ठेवायच्या. थंडगार चप्पल घालून घरी यायचो आणि एकटाच हसायचो लिफ्टमध्ये. आणि शिव्या! चिनीत इतक्या घालायच्या, इतक्या घालायच्या... अर्थ कळत नव्हता, पण चाल ओळखीची होती.

आता माणसानं एवढ्यावर थांबावं की नाही? पण मला सगळ्यांना सांगायचं होतं. पाच तारे दिले, आणि असं काही लिहिलं, असं काही लिहिलं की शुक्रवारी जाऊन पाहतो तर बाहेर रांग! पोरी फोनला काठ्या लावून डंपलिंगचे फोटो काढताहेत, एक जण तर दिवा घेऊन आलेला. बाईंनी नंबरांच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. आत घुसलो, म्हटलं, यल्ला, मी आलोय. बाईंनी मान वर न करता माझ्या हातात चिठ्ठी दिली. नंबर चौदा. मला! चौदा! पाऊण तासानं टेबल मिळालं, दहाच्या दहा डंपलिंगं खाल्ली, एकातही मिरची नाही. बाईंना वेळच नव्हता हो.

मला काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. घरी आलो, पाच तारे पुसले, एक तारा दिला, तो बशीचा फोटो लावला आणि लिहिलं, 'टोपलीत पाल निघाली. बाईंना दाखवली तर त्यांनी बिलात लावली.' अहो, यातला एक शब्द तरी खोटा आहे का? म्हटलं, चार टाळकी कमी होतील, माझं टेबल मला मिळेल. गंमत हो, दुसरं काय!

चार टाळकी! संध्याकाळपर्यंत ती पाल शेजारच्या अजमानला पोचली. त्या फोनला कुणी मेल्यानं इतक्या भाषा शिकवल्या आहेत की इंग्रजीत, अरबीत, मल्याळीत पाल. रात्री आपल्या ग्रुपवर. मधूची उलटी तर झालीच, पण अर्चनावहिनी, तुम्ही लिहिलंत की तिथं खाल्ल्यापासून तुमचं पोट धरलंय. वहिनी, तुम्ही तिथं कधी पाऊल तरी टाकलं होतंत का? बसा, बसा, तुमच्यावर रागावत नाही. तुम्ही फक्त पुढं पाठवली. पाल माझी.

शार्दूलला कळलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक. म्हणाला, बाबा, इथं याला सायबर क्राइम म्हणतात, उद्या सगळ्यांना विमानात बसवतील. त्यानं ते पुसून टाकलं आणि मला गप्प राहायची शपथ घातली. पुसून काय होतंय? खायच्या जागा तपासणारे अधिकारी आले, सगळं दुकान उलटंपालटं केलं, काही सापडलं नाही, तसा कागद दिला. बाईंनी तो काचेवर चिकटवला. कागद कोण वाचतो? लोक फोन वाचतात. ईशानी मला रोज म्हणायची, "जस्ट टेल देम इट वॉज अ जोक, आजोबा." मी म्हणायचो, इन्शाल्ला, उद्या.

कारण तुम्हाला खरं सांगतो... दुकान रिकामं झालं होतं. चार वाजता मी आणि बाई. मिरची परत आली. चप्पल फ्रिजमध्ये. पाऱ्या संपेपर्यंत आम्ही समोरासमोर बसायचो, आणि त्या पाऱ्या खाणार कोण, हे मी विचारत नव्हतो. खरं सांगितलं तर बाई माझ्याशी बोलणं टाकतील, या भीतीनं मी तोंड शिवून बसलो. दोन महिने. काय सुखाचे दोन महिने होते हो! आणि त्या दोन महिन्यांत बाईंचा लाटणं धरलेला हात हळू व्हायला लागलेला मला दिसत होता. दिसत होता! मी आंधळा नाही, मी नुसता नालायक आहे.

मग एक दिवस गेलो तर खुर्च्या टेबलांवर उलट्या. खोकी बांधलेली. भाड्याचा पुढचा चेक द्यायला जमलं नव्हतं, दुकानाचं लायसन्स गेलं, त्याच्याबरोबर व्हिसा. शनिवारचं विमान. बाई एका कोपऱ्यात उरलेल्या कणकेच्या पाऱ्या लाटत बसल्या होत्या. मी फोन काढला, त्यात मराठीत बोललो, सगळं, पहिल्यापासून, की तो एक तारा माझा, ती गर्दी माझी, टेबलासाठी केलं, गंमत म्हणून केलं. फोननं ते त्यांना चिनीत ऐकवलं. म्हटलं, आता घालतील शिव्या, घालू देत, पोटभर घालू देत.

बाईंनी फडक्याला हात पुसले. माझ्या फोनमध्ये दोन वाक्यं बोलल्या. आणि फोनमधली ती बया, तिला मराठी कळते पण बोलता येत नाही, बातम्या दिल्यासारखी शुद्ध हिंदीत म्हणते कशी, "मुझे मालूम था. छिपकली पर हरा प्याज़ मैंने ही डाला था."

अहो, फोटो त्यांच्या बशीचा! त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी विचारलं, मग बोलला का नाहीत? रोज मला खायला का घातलंत? बाईंनी फोन जवळ ओढला. मग बोलल्या, आणि बया म्हणाली, "सोचा था, आप बताएँगे. रोज़ चार बजे सोचा."

रोज चार वाजता, मंडळी. आणि मी रोज चार वाजता त्यांचं लाटणं लपवत होतो.

मग फोन बाजूला सारून बाई म्हणाल्या, "खलास." रागानं नाही. पाऱ्या माझ्यापुढं सरकवल्या, दोघांनी मिळून मुरड घातली, तीस-बत्तीस निघाली असतील, ती डब्यात भरून मला दिली. शिवी घातली नाही हो. एकसुद्धा नाही. मी दारात मुद्दाम खुर्चीला धडकलो, खोकं पाडलं, म्हटलं आता तरी... नाही. खोकं उचललं आणि जागेवर ठेवलं. घरी येऊन सगळी डंपलिंगं खाल्ली. एकातही मिरची नव्हती.

शनिवारी, विमान सुटायच्या वेळेला, मी त्या दुकानाचं पान उघडलं. पाच तारे दिले. खाली सगळं लिहिलं, पाल रबराची, पाल माझी, बाईंच्या ओट्यावर कधी माशी बसलेली पाहिली नाही, अख्ख्या अमिरातीत अशी मुरड नाही, लबाड मी आहे. तासभर लिहीत होतो, काना-मात्रा बघून. ईशानी खांद्यावरून वाचत होती. वाचून झालं, आणि मग तिनं वर बोट ठेवून दाखवलं, दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरं आली होती, कायमचं बंद. हळूच म्हणाली, "आजोबा, नोबडी रीड्स रिव्ह्यूज ऑफ क्लोज्ड प्लेसेस."

म्हटलं, ठाऊक आहे गं मला. म्हणून तर खरं लिहिलं.